खरे फासे की मोबाइल? आणि पडद्याआड की समोर?

गट जमला, कॅरेक्टर शीट (आपल्या पात्राची माहिती भरायचे कागद) छापून झाल्या, की पहिला प्रश्न हमखास येतो: फासे विकत घ्यायचे की मोबाइलवर भागवायचं? कोथरूडला एका फ्लॅटमध्ये दर रविवारी आमचं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एक पात्र होऊन गोष्ट खेळायची आणि निकाल फाशांवर) चालतं आणि आम्ही दोन्ही करून पाहिलंय. सगळे एका टेबलाभोवती बसणार असाल तर खरे फासे घ्या, हे माझं मत आधीच सांगून टाकतो.

एका संचात सात नग येतात: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा एकेक, शिवाय दहा बाजूंचे दोन. त्यातल्या एकावर दशकं छापलेली असतात, म्हणजे दोन्ही मिळून शंभरातलं दान काढता येतं. (सारीपाटामुळे 'दान' हा शब्द आपल्याकडे तयार आहे, तरी आमच्यात सगळे 'रोल'च म्हणतात.) सुरुवातीला अख्ख्या टेबलाला दोन संच पुरतात. विझार्ड, म्हणजे जादूगार पात्र, पाचव्या लेव्हलला पोचला की मात्र फायरबॉल या आगीच्या मंत्रासाठी सहा बाजूंचे आठ फासे लागतात आणि घरातल्या सापशिडी-ल्यूडोच्या डब्यांवर धाड पडते. आठ फासे मुठीत खुळखुळवून फेकायचे आणि पाच डोकी वाकून बेरीज करतात. सरासरी २८ येते, पण त्या दोन सेकंदांत प्रत्येकाला ४० हवे असतात. ॲप क्षणात '३१' दाखवून मोकळं होतं आणि कोणी मानही वर करत नाही.

खऱ्या फाशांचा मोठा तोटा म्हणजे आवाज. धातूचे फासे काचेच्या टीपॉयवर दुपारी एक ते चारच्या दरम्यान टाकून बघा. आमच्याकडे खालच्या मजल्यावरचे काका आले होते, बनियनवरच. तेव्हापासून आम्ही कॅरम बोर्ड वापरतो. चौकटीमुळे फासा सोफ्याखाली पळत नाही, आणि वर जुना टॉवेल अंथरला की पॉकेटंही झाकली जातात, आवाजही मरतो. टॉवेलच्या सुरकुतीत फासा तिरका अडकला तर परत टाकायचा. बाकरवडीचे हात टॉवेलला पुसायचे नाहीत, हा नियम कागदावरच आहे.

घेताना एक बघा: वीस बाजूंच्या नेहमीच्या फाशावर समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज २१ येते. पत्त्यांच्या काही खेळांत 'लाइफ' मोजायला असाच दिसणारा फासा मिळतो, पण त्यावर २०, १९, १८ शेजारीशेजारी असतात. सगळे मोठे आकडे एकाच अंगाला, त्यामुळे ज्याचा हात बसलाय त्याला ते अंग वर आणणं सोपं जातं. टेबलावर तो नको.

मोबाइल कुठे जिंकतो? कोणी बंगळुरूला गेला, कोणी नाइट शिफ्टला लागला, की दुसरा मार्गच नाही. रोल२० ही असे खेळ ऑनलाइन खेळायची साइट २०१२ पासून आहे, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर फासे टाकणारे बॉट आहेत. दान सगळ्यांना दिसतं, बेरीज चुकत नाही. खटकतं ते एवढंच, की फोन हातात आला की ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुपही हातात येतो. 'ॲप फिक्स आहे' ही तक्रार मात्र मनावर घेऊ नका. वीस बाजूंचा फासा वीस वेळा टाकून एकदाही २० न पडण्याची शक्यता जवळपास ३६ टक्के असते, फासा प्लॅस्टिकचा असो की कोडमधला.

पण खेळाची जात ठरते ती दुसऱ्याच निर्णयावर: डीएमचे (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) फासे त्याने पुढ्यात उभ्या केलेल्या पडद्याआड की सगळ्यांसमोर? दोन्ही पद्धती प्रामाणिक माणसं वापरतात. पडद्याआड टाकण्याची सोय खरी आहे. खोलीत सापळा शोधताना खेळाडूला स्वतःचं दान जेमतेम २ दिसलं की 'सापळा नाही' या उत्तरावर तो विश्वासच ठेवत नाही. पण पडद्याआड दान बदलताही येतं. एकदा ट्रोलच्या घावातून माझं पात्र वाचलं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. महिन्याभराने डीएमने चहा पिता पिता सांगितलं की ट्रोलचं २० पडलं होतं, म्हणजे घाव बसला होता, पण तो ९ म्हणाला. त्याने प्रेमानेच केलं, पण पुढच्या प्रत्येक सुटकेला मी पडद्याकडेच बघत राहिलो. शकुनीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना झाकलेला फासा पचणं तसंही अवघड.

म्हणून आमच्यात घाव, जखमा, मरण हे सगळं टॉवेलवर, सर्वांसमोर. पडद्याआड फक्त पात्राला जे कळणंच शक्य नाही ते: सापळे, थापा, चाहूल. पहिल्याच महिन्यात दोन पात्रं मेली. एकाने पुढचा रविवार बुडवला, दुसरा नवी शीट भरूनच आला.

हिंजवडीत अडकलेला मित्र कॅमेऱ्यावर असला तर ॲप न उघडता त्याचे फासे आमच्यातलाच एकजण टाकतो. १ पडला की शिव्या टाकणाऱ्याला.