म्हैसमाळचं उन्हाळी कलाशिबिर: मुक्कामापूर्वी हे वाचा

खुलताबादपासून साधारण 12 किमीवर, म्हैसमाळच्या पठारावर भरणारं हे सामूहिक निवासी शिबिर मातीकाम करणाऱ्यांची खरी परीक्षा घेतं. हवा कोरडी, वारा सुसाट. भांडं उघडं राहिलं तर कडा आधी सुकून आकसतात, बूड ओलंच राहतं, आणि तडा नेमका जोडावर जातो. कान किंवा तोटी जोडली की ओलं सुती फडकं गुंडाळा, वरून प्लास्टिक घट्ट बांधा आणि रात्रभर हात लावू नका. ॲक्रिलिकवाल्यांनी रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव्य) आणावाच; मात्र रंगाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त घातलं तर थर चिकट राहतो, त्यावर धूळ बसते.

स्टुडिओ म्हणजे पत्र्याचं शेड. दुपारी बारा ते चार तिथं बसवत नाही, आणि या शिबिराची मोठी उणीव हीच आहे. पाणी टँकरचं. ब्रश दोन डब्यांत धुवा, गाळ खाली बसला की वरचं पाणी पुन्हा वापरा. मातीचं पाणी मोरीत ओतलं की पाइप तुंबलाच!

स्वयंपाक पाळीनं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. जेवणाला नाव ठेवायला जागा नाही.

वेरूळला मंगळवारी जाऊ नका, लेणी बंद असतात. कैलास पश्चिमाभिमुख आहे. सकाळी दर्शनी भागासमोर सावलीत बसून रेखाटता येतं, दुपारनंतर तिथं ऊन येतं.