आयफोनचं ‘वॉकिंग स्टेडिनेस’: शेऱ्यापेक्षा आकडे बघा

चालीवरून पडण्याचा धोका ओळखणारी ही सोय २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर आली. आयफोन ८ किंवा पुढचं मॉडेल असेल तर वेगळं उपकरण लागत नाही. हेल्थ ॲपमध्ये उंची बिनचूक भरा आणि ‘मोबिलिटी’त जाऊन सूचना चालू करा. पुढच्या १२ महिन्यांचा अंदाज ‘ओके’, ‘लो’, ‘व्हेरी लो’ अशा तीन शेऱ्यांत मिळतो. शेरा स्थिरतेचा आहे, म्हणून ‘लो’ आलं तर धोका जास्त.

सगळी मदार फोन कुठे ठेवता यावर आहे. तो कमरेजवळ, पँटच्या खिशात हवा आणि जमीन सपाट हवी. टेबलावर ठेवून घरभर हिंडलात तर त्यातलं काहीच मोजलं जात नाही.

खरा ऐवज शेऱ्यामागच्या चार आकड्यांत आहे: वेग, पावलाची लांबी, चाल किती असमान आहे आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ. हा शेवटचा आकडा चालण्याच्या वेळेच्या साधारण २० ते ४० टक्के असतो. तो चढत चाललाय, पावलं आखूड होतायत आणि वेगही ताशी ३ किलोमीटरच्या खाली घसरलाय, असं एकत्र दिसलं तर माणूस तोल सांभाळत, जपून चालतोय. नुसत्या पडण्याच्या भीतीनेही चाल अशी होते. फक्त असमानता वाढली तर एका बाजूचं दुखणं शोधा, गुडघा किंवा खुबा. ती अचानक वाढली तर डॉक्टरांकडे लगेच जा. एखाद्या दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका, महिन्यांचा आलेख बघा.

उणीव मोठी आहे. प्रत्येक पावलागणिक वेळ किती मागेपुढे होतो, हा धोक्याचा फार चांगला निदर्शक, पण तो इथे दिसत नाही. वळताना आणि खुर्चीतून उठताना जाणारा तोलही कळत नाही. त्यासाठी जोडीला साधी चाचणी करा. खुर्चीपासून ३ मीटरवर खूण करा. नेहमीच्या चपला-बूट घालून, लागत असेल तर काठी घेऊन उठायचं, नेहमीच्या वेगाने खुणेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. शेजारी कुणीतरी उभं हवंच. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर फोन ‘ओके’ म्हणत असला तरी तपासणी करून घ्या. वळायला बरीच बारीक पावलं लागली किंवा बसताना अंग धप्पकन टाकलं, तर तेही डॉक्टरांना सांगा.