परळच्या पेशंटच्या नावाने आमच्याकडून नेलेलं धान्य

परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या पेशंटच्या कुटुंबांना कोरडा शिधा पुरवतो, असं सांगून एका गृहस्थाने २०२३च्या गणपतीपासून पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत डोंबिवलीतल्या आमच्या आणि आसपासच्या सोसायट्यांतून धान्य आणि पैसे नेले. आम्हाला जेवढा माग काढता आला, त्यात एकही पोतं परळला पोचलेलं नाही. पोलिसांत गुन्हा दाखल आहे, तपास चालू आहे, म्हणून त्या माणसाचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी लिहिते. कल्याण-ठाण्याकडच्या दोन महिला मंडळांकडून अगदी असाच प्रकार कानावर आला आहे.

त्याचं बोलणं ऐकून शंका यावी असं काही नव्हतं, कारण तो जे सांगायचा त्यातलं बरंचसं खरं होतं. टाटाला बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातून माणसं येतात. केमोची फेरी बऱ्याचदा तीन-तीन आठवड्यांनी असते, रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस कित्येक आठवडे चालतं. तेवढे महिने मुंबईत राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा मिळाली तर नशीब, नाहीतर भाड्याची खोली, नाहीतर रुग्णालयाजवळचा फुटपाथ. पेशंटच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की बाहेरचं खाणं बंद, घरचा ताजा मऊ भात, पेज, वरण एवढंच द्यायचं. म्हणजे स्टोव्ह पेटवून घरच्यांनीच रांधायचं. रेशनकार्ड गावाकडे, हाताला काम नाही. अशा घराला महिन्याचा शिधा दिला तर केवढा आधार होतो, हे त्याने आमच्या हॉलमध्ये उभं राहून सांगितलं तेव्हा बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो आधार आजही तितकाच गरजेचा आहे, म्हणून तर हे लिहिताना माझा संताप होतो.

उपक्रमाचं नाव ‘मूठभर धान्य’. प्रत्येक विंगच्या खाली एक निळं पिंप. जाता-येता ज्याने त्याने जमेल तेवढं टाकायचं. महिन्यातल्या एका रविवारी हॉलमध्ये सतरंज्या पडायच्या आणि चाळणं, निवडणं, वजन करणं, पिशव्या बांधणं सुरू व्हायचं. पाच किलो तांदूळ, दोन किलो कणीक, एक किलो तूरडाळ, साखर, मीठ, हळद-तिखट, तेलाची एक पिशवी, असं एक किट. डी विंगमधल्या आजींचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी त्या ताट मांडीवर घेऊन, हातात भिंग धरून डाळीतले खडे काढायच्या. ‘पेशंटच्या घासात खडा येता कामा नये,’ म्हणायच्या. शाळेतली मुलं प्रत्येक पिशवीत ‘लवकर बरे व्हा’ अशी चिठ्ठी टाकायची. धान्य कमी पडलं की वरची भर पैशांची. तेही तोच घ्यायचा आणि ‘घाऊक बाजारातून स्वस्तात आणतो’ म्हणायचा. संध्याकाळी टेम्पो यायचा, पिशव्या चढायच्या, फोटो व्हायचा.

इथपर्यंत सगळं आमच्या डोळ्यांसमोर. पुढचं आम्हाला कधी दिसलंच नाही. वाटपाला आम्हीही येतो म्हटलं की उत्तर तयार असायचं: ‘ताई, तिथे पेशंटना इन्फेक्शनची भीती. दहा माणसं घेऊन गेलो तर डॉक्टर मलाच ओरडतील. आणि गरिबाला देताना चार जण बघत उभे राहिले की त्याला लाज वाटते हो.’ यातलं काय खोटं होतं? काहीच नाही. पेशंटला संसर्गाची भीती असतेच, घेणाऱ्याला संकोच वाटतोच. खऱ्या गोष्टीआड त्याने स्वतःचा रस्ता झाकून घेतला होता. महिन्याच्या शेवटी ग्रुपवर वाटपाचे फोटो यायचे, चेहरे झाकलेले, ‘पेशंटच्या खासगीपणासाठी’. हे फोटो जुनेच उलटसुलट करून टाकलेले होते, हे नंतर एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावर कळलं. भिंतीवरचं कॅलेंडर सगळ्या फोटोंत एकाच महिन्यावर थांबलेलं होतं.

प्रकार उघडकीला आला तो आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींमुळे. त्यांच्या जावयाला तोंडाचा कॅन्सर निघाला. मुलगी-जावई परळजवळ एका खोलीत राहायला गेले. मावशींनी विचारलं, ‘वहिनी, तुम्ही ते धान्य पाठवता ना, माझ्या लेकीला मिळेल का?’ मी लगेच फोन केला, त्याने नाव-पत्ता लिहून घेतला. आठवडे गेले, काहीच नाही. मी पुन्हा विचारल्यावर तो म्हणाला, ‘दिलं की! सहीसुद्धा आहे,’ आणि वाटपाच्या यादीचा फोटो पाठवला. यादीत मावशींच्या लेकीचं नाव होतं आणि त्यासमोर निळ्या शाईचा अंगठा उठवलेला होता.

ती मुलगी बारावी पास आहे. लग्नाआधी एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करायची.

मग मी यादी मोठी करून पाहिली. पानभर अंगठेच अंगठे, सगळे एकाच बाजूला कललेले, शाई वरून खाली फिकी होत गेलेली, पुन्हा पॅडवर दाबल्यासारखी मध्येच गडद. एका बैठकीत एकाच माणसाने उठवलेले. त्या रात्री मी मावशींना काय सांगायचं या विचारात जागी होते. जावयाला गिळता येत नव्हतं, लेक एक वेळ चहा-पावावर काढत होती आणि कागदावर तिला पाच किलो तांदूळ मिळालेला होता.

मी पतपेढीत हिशेबाचं काम केलेलं आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळे कागद घेऊन बसले. यातल्या खुणा कुणालाही ओळखता येण्यासारख्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली, देणगीची पावती. तिच्यावर ‘८०जी सवलतपात्र’, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळेल, असा शिक्का आणि खाली पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर तो कुणाचा आहे ते सांगतं. न्यासाचा, म्हणजे ट्रस्टचा असेल तर तिथे ‘टी’ असतो, कंपनीचा असेल तर ‘सी’, एकट्या माणसाचा असेल तर ‘पी’. आमच्या पावतीवर ‘पी’ होता. म्हणजे संस्थेच्या नावाखाली छापलेला पॅन कुणातरी व्यक्तीचा. शिवाय या गृहस्थाने धान्याचीसुद्धा किंमत लावून ८०जीच्या पावत्या वाटल्या होत्या. वस्तुरूपाने दिलेल्या दानाला ती सवलत मिळतच नाही, आणि रोख दिली तर २,००० रुपयांच्या वरच्या देणगीलाही नाही. खरी संस्था तुमच्या देणगीची माहिती आयकर खात्याला कळवते आणि पुढच्या ३१ मेपर्यंत तुम्हाला १०बीई नावाचं प्रमाणपत्र देते. छापील पावतीवर आता भागत नाही. आमच्यातल्या काहींनी जूनमध्ये ते प्रमाणपत्र मागितलं तेव्हा ‘सीए गावाला गेलाय’ असं ठरलेलं उत्तर मिळत होतं.

दुसरी, नोंदणी क्रमांक. पावतीवर ‘ई’ने सुरू होणारा मुंबईचा क्रमांक होता. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासांचे क्रमांक असेच असतात, त्यामुळे कुणाला खटकलं नाही. चौकशी केल्यावर कळलं की क्रमांक खरा, पण दुसऱ्याच एका न्यासाचा. त्या न्यासाला बिचाऱ्याला याचा पत्ताही नव्हता. आणि नोंदणी नसलेल्या माणसाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. ती तर नव्हतीच.

तिसरी, किराणामालाची बिलं. आमच्या पैशांतून माल घेतल्याचा पुरावा म्हणून त्याने दिलेल्या बिलांत सुट्या तांदळावर १८ टक्के जीएसटी लावलेला होता. सुट्या तांदळावर जीएसटी नसतोच. जुलै २०२२पासून छापील पाकिटांतल्या धान्यावर लागतो तोसुद्धा ५ टक्के. बिलावरचा जीएसटी क्रमांक ‘२४’ने सुरू होत होता, हा गुजरातचा आकडा. महाराष्ट्राचा ‘२७’. पत्ता मात्र कल्याणचा छापलेला. हा क्रमांक सरकारी पोर्टलवर कुणालाही तपासता येतो, त्यासाठी खातं उघडावं लागत नाही. मी टाकून पाहिला, असा क्रमांकच अस्तित्वात नव्हता.

टेम्पोवाल्याला गाठलं. तो साधा माणूस, त्याला फेरीचे पैसे मिळत होते. तो म्हणाला, ‘परळ? मी तर कधी परळला गेलोच नाही, ताई. अर्ध्या तासात एका दुकानाच्या मागच्या दारी खाली करायचो.’ आजींनी भिंग धरून निवडलेली डाळ बहुतेक त्याच दुकानाच्या काट्यावर सुटी विकली गेली.

सगळ्यात जास्त वाईट कॉलेजच्या पोरांचं झालं. एनएसएसला वर्षाला १२० तास सेवा करावी लागते. त्याने ‘तासांचं प्रमाणपत्र देतो’ म्हणून मुलं जमवली, टी-शर्ट आणि ओळखपत्राचे पैसे घेतले, आधारकार्डाच्या झेरॉक्स घेतल्या. आणि संस्थेचा क्यूआर ‘अपडेट होतोय’ असं सांगून मुलांच्याच यूपीआयवर देणग्या मागवल्या. मुलं प्रामाणिकपणे रुपयान् रुपया त्याला पाठवत होती, काही वेळा रोख काढून हातात देत होती. उद्या देणाऱ्याने तक्रार केली की बँकेच्या नोंदीत पहिलं नाव या मुलांचं. दोघांची खाती गोठवली गेली. त्यातल्या एका मुलीची परीक्षेची फी त्याच खात्यातून भरायची होती. तिच्या वडिलांनी पोलीस ठाण्याच्या बाकावर दिवस काढले. तुमच्या घरातलं मूल कुठे सेवेला जात असेल, तर एवढं आजच विचारा: पैसे कुणाच्या खात्यात येतात? मुलाच्या खात्यात येत असतील, तर काम कितीही चांगलं असो, आजच बंद करा.

त्याला समोर बसवून विचारलं तेव्हा त्याने आवाज चढवला नाही. उलट हात जोडले. ‘ताई, पुण्याच्या कामात तुम्ही संशय घेता? मला वाईट याचं वाटतं की आता तुमच्यामुळे पन्नास कुटुंबं उपाशी राहतील.’ त्यानंतर फोन बंद, राहती जागा रिकामी.

मला सगळ्यात जड गेलं ते त्याच्यानंतरचं. तक्रार करायची म्हटल्यावर सोसायटीत निम्मे जण मागे सरले. ‘सोसायटीची बदनामी होईल.’ ‘हजार-दोन हजारांसाठी कोर्टकचेरी कोण करणार?’ आणि सगळ्यांत जास्त वेळा ऐकलं ते हे: ‘आपण दिलं, आपल्या खात्यात पुण्य जमा झालं. त्याचं पाप त्याच्यापाशी.’ हे बोलणाऱ्यांचा राग करत नाही, माणसं मनाची चांगली आहेत. पण मला हे अजिबात पटत नाही. ते धान्य आपल्या पुण्यासाठी निघालं नव्हतं, मावशींच्या लेकीच्या चुलीसाठी निघालं होतं. तिला ते मिळालं नाही तर आपलं दान पुरं कसं झालं? जे चोरलं ते तिच्या ताटातलं चोरलं. तिच्यासारखी किती घरं असतील ती तर तक्रार करायलाही येऊ शकत नाहीत, कारण आपल्या नावावर कुणी काही घेतलंय हेच त्यांना माहीत नाही. तक्रार करू शकतो ते फक्त आपण.

हेच मीटिंगमध्ये बोलले. त्यावर पहिला हात वर केला तो डी विंगच्या आजींनी. मग बाकीचे आले. गुन्हा १ जुलै २०२४च्या आधीचा, त्यामुळे जुन्या दंड विधानाची ४२० आणि ४०६ ही कलमं लागली. आता असा प्रकार घडला तर भारतीय न्याय संहितेची ३१८ आणि ३१६ लागतात. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावं. आम्ही कळवलं तोवर पैसे कधीच काढले गेले होते. आमचा आकडा सव्वादोन लाखांच्या पुढे जातो, धान्याचा हिशेब वेगळा.

पिंपं आम्ही काढलेली नाहीत. आता पिशव्या भरल्या की सोसायटीतले दोघे जण स्वतः घेऊन जातात, धर्मशाळेच्या कार्यालयात मोजून देतात, शिक्क्याची पावती घेतात आणि ती लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागते. पेशंटच्या खोलीत कुणी जात नाही, फोटो काढत नाही. त्याच्या त्या एका म्हणण्यात तथ्य होतं. पैसे लागले तर दुकानदाराला थेट बँकेतून जातात. मावशींच्या जावयाचे उपचार चालू आहेत, लेकीकडे दर महिन्याला शिधा जातो आणि त्यापुढे ती स्वतः सही करते.

तपास अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की तक्रारदार जितके जास्त, तितकं प्रकरण भक्कम. कल्याण, डोंबिवली, ठाणे भागात २०२३-२४ मध्ये कुणी परळच्या पेशंटसाठी म्हणून धान्य किंवा पैसे दिले असतील, तर पावती शोधून पॅनचं चौथं अक्षर पाहा. तिथे ‘पी’ असेल तर ती पावती, यूपीआयची नोंद, ग्रुपवरचे मेसेज यातलं काहीही पुसू नका. रक्कम शंभर रुपये असली तरी आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन जबाब नोंदवा, आणि तुमच्याकडे वाटपाची यादी आली असेल तर तीही सोबत न्या. अंगठ्यांची तुलना करायला तीच लागणार आहे.