नवं जहाज बांधताय? एलएनजी, मिथेनॉल की अमोनिया?

न्हावा शेवा ते युरोप धावणारं कंटेनर जहाज आज बांधायला टाकलं, तर ते २०५० च्या आसपासपर्यंत पाण्यात असेल. त्याच सुमाराला जहाजवाहतुकीचं उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं, असं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, २०२३ मध्ये ठरवलं आहे. त्यामुळे इंधनाचा निर्णय ऑर्डर देतानाच घ्यावा लागतो. माझं मत आधीच सांगतो: तेल आणि मिथेनॉल दोन्हींवर चालणारं इंजिन घ्या. पण त्याआधी वेगाचा हिशेब करा.

इंजिनाला लागणारी ताकद साधारणपणे वेगाच्या घनाने वाढते. २० नॉटऐवजी १८ नॉटने गेलात तर दिवसाचं इंधन सुमारे २७ टक्क्यांनी घटतं. सफर लांबते, ते धरूनही एकूण बचत १९ टक्क्यांच्या आसपास राहते. तळाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले वेळेवर काढले तर आणखी फायदा. वाऱ्याची मदतही घेता येते. ‘पिक्सिस ओशन’ या जहाजावर २०२३ मध्ये ३७.५ मीटर उंचीची दोन पोलादी शिडं बसवली, आणि चाचणीत दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचलं. मात्र ते कोरडा सुटा माल वाहणारं जहाज आहे. कंटेनरने भरलेल्या डेकवर शिडांना जागा मिळणं अवघड.

आता इंधनं. एलएनजीची, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूची, बाजू वरवर भक्कम दिसते. पुरवठा आहे, बंदरं तयार आहेत, इंजिनं वर्षानुवर्षं चाललेली आहेत. तेवढ्याच ऊर्जेसाठी धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड तेलापेक्षा पाव हिस्सा कमी. गोची आहे ती न जळता निसटणाऱ्या मिथेनची, म्हणजे या वायूतल्या मुख्य घटकाची. युरोपच्या नियमांत मध्यम गतीच्या चार-स्ट्रोक गॅस इंजिनांसाठी ही गळती ३.१ टक्के धरली आहे. म्हणजे टनामागे ३१ किलो. मिथेनचा तापवण्याचा परिणाम शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरला, तर हे ३१ किलो जवळपास ८७० किलोंच्या बरोबरीचे होतात आणि ती पाव हिस्स्याची बचत बहुतेक सगळी गिळून टाकतात. वीस वर्षांचा हिशेब केला तर एलएनजी तेलापेक्षा वाईट ठरतो. उच्च दाबाच्या दोन-स्ट्रोक इंजिनात गळती ०.२ टक्केच धरली जाते. एलएनजी घ्यायचाच असेल तर तेच इंजिन घ्या, दुसरं नको.

मिथेनॉल साध्या तापमानाला द्रव असतं. एलएनजीसारखी उणे १६२ अंशांची टाकी लागत नाही. पण त्याच ऊर्जेसाठी टाकी तेलाच्या सुमारे अडीचपट मोठी लागते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. म्हणून इंजिन रूममध्ये दुहेरी भिंतींचे पाइप लागतात, आग टिपायला वेगळे सेन्सर लागतात आणि खलाशांना वेगळं प्रशिक्षण द्यावं लागतं. हे सगळं जमण्यासारखं आहे. ‘स्टेना जर्मानिका’ ही फेरी २०१५ पासून मिथेनॉल वापरते, आणि मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीचं ‘लॉरा मर्स्क’ हे २०२३ मध्ये आलेलं पहिलं मिथेनॉल कंटेनर जहाज. खरी अडचण हरित, म्हणजे जैविक कचऱ्यापासून किंवा अक्षय ऊर्जेवर केलेल्या, मिथेनॉलच्या तुटवड्याची आणि भावाची आहे. मर्स्कनेही २०२४ मध्ये एलएनजीच्या जहाजांकडे मोर्चा वळवला तो उगीच नाही. नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून केलेलं मिथेनॉल मात्र अजिबात भरू नका. इंधन बनवण्यापासून ते जाळण्यापर्यंतचं सगळं उत्सर्जन मोजलं तर ते तेलापेक्षाही वाईट.

अमोनियात कार्बनच नाही. कांडला, तुतिकोरिन आणि पारादीप इथे हरित हायड्रोजनची केंद्रं उभी करायचं ठरलं आहे आणि अमोनिया हायड्रोजनपासूनच करतात, त्यामुळे उद्या अमोनिया आपल्याकडेच बनेल, हे खरं. पण हवेत दहा लाखांत ३०० भाग अमोनिया झाला की जिवाला धोका. बंद इंजिन रूममध्ये एक सांधा सुटला तर काय होईल, हा प्रश्न मला ऊर्जेच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा वाटतो. खाली काम करणारी माणसं आपलीच आहेत. ज्वलन बिघडलं तर नायट्रस ऑक्साइड निघतो, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा. जपानमध्ये २०२४ पासून अमोनियावर एक टग, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी बोट, चालते आहे. महासागर ओलांडणारी अमोनियाची जहाजं पहिली पाच-सात वर्षं दुसऱ्यांना चालवू द्या.

धोरणांत आज हिशेबात धरावं असं एकच: युरोपचं. जादा उत्सर्जनाचे पैसे आकारून निधी उभा करणारा आयएमओचा जागतिक आराखडा एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झाला, पण ऑक्टोबरमध्ये अंतिम स्वीकृतीचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. हे मला फार लागलं, कारण जागतिक निधीतला पैसा गरीब देशांकडेही वळला असता. युरोपची वसुली युरोपातच राहते. पण ती टळत नाही. भारत-युरोप सफरीचं निम्मं उत्सर्जन तिथे मोजतात, आणि २०२६ पासूनच्या उत्सर्जनाची शंभर टक्के भरपाई उत्सर्जनाचे परवाने विकत घेऊन करावी लागते. समजा एका सफरीत १००० टन तेल जळलं. कार्बन डायऑक्साइड झाला ३११४ टन, त्यातला निम्मा १५५७. टनाला ७० युरो धरले तर एका फेरीला एक लाख नऊ हजार युरो. १८ नॉटने गेलात तर यातलेच वीस हजारांहून जास्त वाचतात.

मिथेनॉलच्या बाजूने पारडं झुकतं ते ‘फ्युएल ईयू मॅरिटाइम’ या दुसऱ्या नियमामुळे. इंधनाची कार्बन-तीव्रता, म्हणजे तेवढ्याच ऊर्जेमागचं उत्सर्जन, २०२५ पासून २ टक्के कमी हवी, २०५० ला ८० टक्के. यात अनेक जहाजं एकत्र मोजता येतात. एका जहाजात हरित मिथेनॉल जाळून झालेली शिल्लक तुमच्या जुन्या जहाजांना वापरता येते किंवा दुसऱ्या मालकाला विकता येते. महाग इंधनाचा काही भाग असा वसूल होतो.

आणि शिपयार्डने ‘अमोनिया-रेडी’, म्हणजे पुढे अमोनियावर बदलता येईल असं, म्हणून जहाज दाखवलं तर नकाशावर टाकीची जागा कुठे आहे, तिचं पोलाद कुठल्या प्रतीचं आहे आणि बदलासाठी जहाज गोदीत किती दिवस थांबेल, हे करारात लिहून मागा. हे लिहून मिळत नसेल तर त्या शब्दासाठी जास्तीचा एक पैसाही देऊ नका.