डिजिटल मीडियात 'एमए': ब्रोशर ठेवा बाजूला, पावती वाचा

डिजिटल मीडियात पदव्युत्तर शिक्षण घ्यायला निघालेल्या मुलांना पुण्या-मुंबईत गंडवण्याची पद्धत आता ठरून गेली आहे. जाहिरातीखालचा फॉर्म भरला की 'ॲडमिशन काउन्सेलर'चा फोन येतो, न मागता स्कॉलरशिप मिळते आणि सीट आजच्या आज ब्लॉक करायची असते. हे काउन्सेलर टार्गेटवर काम करणारे सेल्सवाले. त्यांच्याशी वाद घालू नका, कागद मागा.

सगळ्यात आधी विचारा, गुणपत्रिकेवर नाव कोणाचं असणार? यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६ च्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या अकॅडमीला तो नाही. मग उत्तर येतं, 'आम्ही अमुक खासगी विद्यापीठाशी संलग्न आहोत.' इथेच पकडायचं. राज्य खासगी विद्यापीठांना बाहेरच्या संस्था संलग्न करून घेताच येत नाहीत.

पुष्कळदा तुमचं नाव परस्पर एखाद्या दूरशिक्षणाच्या एमएला घातलेलं असतं. विद्यापीठाच्या साइटवर त्याची फी बघा आणि अकॅडमी किती मागते ते बघा, खेळ लक्षात येईल. असं दूरशिक्षण फ्रँचायझीवर चालवायला यूजीसीची मनाई आहे. शिवाय २०२४ पासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन प्रवेशाला डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) लागतो, तो विद्यार्थ्यानं स्वतः काढायचा असतो. 'आम्ही बघून घेतो' असं कोणी म्हणालं तर पैसे भरू नका. 'पीजीपी' (पोस्ट ग्रॅज्युएट प्रोग्राम), 'मास्टर्स प्रोग्राम' ही नावं तर कुणीही छापतं. नेट-सेटच्या किंवा पीएचडीच्या अर्जात त्यांना कोणी विचारत नाही.

आता पावती. कायद्यानं मान्य असलेल्या पदवीच्या शिक्षणावर जीएसटी नाही; खासगी क्लासवर १८ टक्के आहे. पावतीवर एसएसी (जीएसटीतला सेवेचा कोड) ९९९२९३ हा आकडा शोधा. तो व्यावसायिक प्रशिक्षण आणि कोचिंगचा कोड. ब्रोशरवर 'एमए' छापणाऱ्यानं सरकारला मात्र खरं सांगून ठेवलेलं असतं! उलटा निष्कर्ष काढू नका. जीएसटी नाही म्हणून पदवी खरी ठरत नाही, कच्च्या पावतीवर रोख घेणारेही आहेत.

खरा फास कर्जाचा. समजा फी २,४०,००० रुपये. जीएसटी धरून २,८३,२००. 'नो कॉस्ट ईएमआय, बारा हप्ते, महिना २३,६००' असं सांगतात आणि त्याला 'हप्त्यानं फी' म्हणतात. ती फी नसते, एनबीएफसीकडून (कर्ज देणाऱ्या बिगर-बँक कंपनीकडून) तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. व्याजाच्या ऐवजी कंपनी संस्थेकडून कमिशन कापून घेते आणि उरलेली रक्कम एकदम संस्थेच्या खात्यात टाकते. म्हणजे पहिल्या लेक्चरच्या आधीच संस्थेचे पैसे वसूल, पुढे तुम्ही शिकलात काय आणि सोडून गेलात काय, तिचं काही अडत नाही. शिक्षक निघून गेले, बॅच बंद पडली, तरी हप्ता कापला जातो, कारण करार तुमच्यात आणि कर्ज देणाऱ्या कंपनीत झालेला असतो.

सही कशी घेतात तेही बघा. काउन्सेलर समोर बसून आधार-पॅन अपलोड करून घेतो, 'व्हेरिफिकेशनचा ओटीपी आहे, सांगा' म्हणतो. त्यातला एक ओटीपी कर्जाच्या कराराचा असतो, दुसरा खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या मँडेटचा. मेसेज पूर्ण वाचल्याशिवाय आकडे उच्चारू नका. मुलाला उत्पन्न नसेल तर सह-कर्जदार म्हणून आई-वडिलांना घेतात, त्यांचाही सिबिल अडकतो.

अभ्यासक्रम तपासायला दहा मिनिटं पुरतात. त्यात अजून युनिव्हर्सल ॲनालिटिक्स (वेबसाइटवरची वर्दळ मोजायचं गूगलचं जुनं साधन) असेल, तर कागद जुना आहे. गूगलनं ते १ जुलै २०२३ पासून थांबवलं. 'पंधरा इंटरनॅशनल सर्टिफिकेट्स' म्हणतात त्यातली बरीचशी गूगल स्किलशॉप आणि हबस्पॉट अकॅडमीवर फुकट मिळतात, आणि गूगल ॲड्सचं सर्टिफिकेट वर्षभरच चालतं.

प्लेसमेंटची 'गॅरंटी' करारात 'असिस्टन्स' होते. खाली अटी: नव्वद टक्के हजेरी, एक मुलाखत नाकारली की हक्क संपला. आणि मुलाखत कसली, तर कधीकधी त्याच संस्थेत काउन्सेलर म्हणून फोन करायची! कोचिंगच्या जाहिरातींत नोकरीच्या हमीचे खोटे दावे करायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मनाई केली आहे, तक्रारीत हे जरूर लिहा.

अडकलात तर लगेच कर्जाचं 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे मुख्य अटींचा कागद उघडा. त्यात कूलिंग-ऑफचे, म्हणजे कर्ज परत करायची मुभा असलेले दिवस लिहिलेले असतात. तेवढ्यात मुद्दल आणि झालेल्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी मात्र जाऊ शकते. मुदत टळली असेल तर रागाच्या भरात हप्ता बंद करू नका, बाउन्स चार्ज आणि सिबिल दोन्ही तुमच्यावर येतात. संस्थेला आणि कर्ज कंपनीला एकाच दिवशी ईमेल करा. कंपनीनं तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर जा. संस्थेविरुद्ध आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन, मग ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग: तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. जाहिरातीचे, व्हॉट्सॲप चॅटचे आणि साइटवरच्या 'एमए' या शब्दाचे स्क्रीनशॉट मात्र पहिला ईमेल पाठवण्याआधीच काढून ठेवा, नंतर ते पान बदललेलं असतं.