दंडावर बांधायचं बीपीचं यंत्र: गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वापरलेलं

पंचविसाव्या आठवड्यात बीपी वाढायला लागलं तेव्हा मी आधी मनगटावरचं यंत्र घेतलं, बांधायला सोपं म्हणून. घरी ते १२६/८२ दाखवायचं आणि त्याच दिवशी तपासणीत १४४/९२ निघायचं. प्रीएक्लॅम्पसियात (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवरही परिणाम होतो तो आजार) बरीच यंत्रं बीपी प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून नंतर गर्भवतींवर तपासून प्रमाणित केलेलं हे दंडावरचं मॉडेल घेतलं. दवाखान्यात पाऱ्याच्या यंत्राशी ताडून पाहिलं, तर फरक जेमतेम तीन-चार आकड्यांचा.

सोबत येणारा पट्टा ३२ सेंटिमीटरपर्यंतचा. माझ्या दंडाचा घेर ३४. लहान पट्ट्याने बीपी उगाच जास्त दिसतं, म्हणून मोठा वेगळा मागवावा लागला. हे खोक्यावर ठळक छापायला हवं होतं.

२८ आठवडे ४ दिवस झाले होते. संध्याकाळपासून डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसले आणि मोजलं: १६२/१०८. पंधरा मिनिटांनी १६६/११२. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला तर सकाळची वाट बघायची नाही, हे मला पाठ होतं. तसेच निघालो.

बीपी उतरवायला लॅबेटालॉल, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट. ते शिरेतून जाताना अंगाची नुसती आग होते. नर्स सारख्या येऊन गुडघ्यावर हातोडी मारून बघायच्या, श्वास मोजायच्या, लघवी किती झाली ते लिहायच्या. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं, २४ तासांच्या अंतराने. ३४ आठवड्यांपर्यंत न्यायचा प्रयत्न होता. तेरा दिवस मिळाले. मग प्लेटलेट्स घसरायला लागल्या आणि सिझेरियन करावं लागलं. मुलगी, ११४० ग्रॅम. ते तेरा दिवस तिला मिळाले याचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

बाळंतपण झालं की बीपी उतरतं असं मी धरून चालले होते. पण पहिल्या आठवड्यात, विशेषतः तिसऱ्या ते सहाव्या दिवसात, ते पुन्हा चढू शकतं. माझं बाळंतपणानंतर सहाव्या दिवशी, घरी आल्यावर, १५८/१०२ झालं. यंत्र घरात होतं म्हणून कळलं, कारण त्या दिवशी मला काहीच त्रास जाणवत नव्हता. याच्या उलटही होतं: आकडा बरा असला तरी डोकेदुखी, धूसर दिसणं किंवा बरगडीखाली उजवीकडे दुखणं असेल, तर यंत्राचं ऐकून घरी थांबू नका.

पडद्याला उजेड नाही, रात्री दिवा लावावाच लागतो. सेल बदलले की तारीख-वेळ पुसली जाते, म्हणून मी आकडे वहीत लिहिते. मुलगी अजून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. सकाळी आधी बीपी, मग तिच्याकडे. आज १३२/८४.