युरियाची ४५ किलोंची गोणी : माल उत्तम, किंमत घातक

मक्याला वरखत देण्यासाठी गेल्या खरिपात तालुक्याच्या गावातील एका कृषी सेवा केंद्रातून निमलेपित युरियाच्या चार गोण्या आणल्या. मालाबद्दल तक्रार नाही. दाणा एकसारखा होता, ओल धरून ढेकळे झालेली नव्हती आणि आठवडाभरात पिकाला चांगली काळोखी आली. ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) म्हणजे गोणीमागे २०.७ किलो नत्र मिळते. निंबोळी तेलाच्या लेपामुळे ते सावकाश सुटते आणि अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे वळवणेही अवघड होते. गोणीवर मात्र २०२२ पासून 'भारत' हे नाव आणि सरकारी योजनेची जाहिरात एवढी ऐसपैस आहे की खत बनवले कोणी, हे कोपऱ्यात शोधावे लागते.

खरा दोष छापील किमतीत आहे; इतर खतांच्या मानाने ती फारच कमी आहे. गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि २०१२ पासून युरियाचा मूळ दर जवळपास जागचा हललेला नाही. १९९१च्या अर्थसंकल्पात खतांची ४० टक्के दरवाढ जाहीर होताच एवढा गदारोळ झाला की ती ३० टक्क्यांवर आणावी लागली; पुढच्याच वर्षी स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) असलेली खते नियंत्रणमुक्त करून युरिया उलट दहा टक्क्यांनी स्वस्त करण्यात आला. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया त्याबाहेरच राहिला, कारण हा दर वाढवण्याची राजकीय किंमत कोणत्याही पक्षाला मोजायची नव्हती. डीएपी या स्फुरदयुक्त खताची गोणी १३५० रुपयांना असताना शेतकऱ्याचा हात युरियाकडे वळला, तर त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही; तो हिशेबच करतो आहे.

नत्र, स्फुरद आणि पालाश यांची संतुलित मात्रा सांगायची कोणी, तर संशोधन संस्थांनी. पण २०२४-२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खत अनुदानाला १ लाख ६४ हजार कोटी रुपये होते आणि भारतीय कृषी संशोधन परिषद ज्या विभागाखाली येते, त्या विभागाला ९,९४१ कोटी, म्हणजे सोळाव्या हिश्शाच्या आसपास. अनुदान याच हंगामात गोणीतून घरी पोहोचते, तर संशोधनातून निघालेल्या नव्या वाणाला शेतापर्यंत यायला दहा-बारा वर्षे लागतात. एवढ्या काळात निवडणुका दोनदा होऊन जातात.

दुकानाबद्दल एवढेच, की ई-पॉस यंत्रावर अंगठा घेतल्यावर विक्रेत्याने एक द्रवरूप खताची बाटलीही गळ्यात मारली. अनुदानित खतासोबत दुसरा माल गळ्यात मारण्याच्या या 'लिंकिंग'ला बंदी आहे, हे त्यालाही ठाऊक होते. बिल मागितले, तेव्हा बाटली मुकाट्याने परत कपाटात गेली.

मालाला पाचपैकी चार गुण. किमतीला एकच, आणि तोही खिशाला परवडते म्हणून. नंतर माती तपासून घेतली, तेव्हा पालाश कमी निघाले. यंदा युरियाच्या दोनच गोण्या आणल्या आणि उरलेल्या पैशांत पोटॅशची अर्धी गोणीसुद्धा आली नाही.